‘अवलंबून’ म्हणजे नेमकं काय? ब्रिटनच्या एका व्हिसाची गोष्ट

आजचा एपिसोड एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘डिपेंडंट’, आपल्या मराठीत ‘अवलंबून असलेली व्यक्ती’. मेडिक्लेमच्या फॉर्मवर आपण तो शब्द सहज लिहून टाकतो. पण ब्रिटनमध्ये या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि हजारो घरांचं गणित बिघडलं. ते कसं, हे आज बघू.

सुरुवात १९४८ पासून करू. त्या वर्षीच्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये जाऊन राहायला मोकळीक होती. भारतातूनही लोक गेले. कुणी गिरण्यांमध्ये, कुणी फाउंड्रीत, कुणी हॉस्पिटलमध्ये लागलं. मग १९६२ मध्ये पहिला मोठा लगाम आला, कॉमनवेल्थ इमिग्रंट्स ॲक्ट. आता कामासाठी यायचं तर व्हाउचर हवं. बायको आणि १६ वर्षांखालची मुलं यांना येण्याचा हक्क कायद्यातच दिला होता. म्हातारे आईवडील मात्र कायद्यात नव्हते, त्यांची सोय नियमांमध्ये होती. हा फरक लक्षात ठेवा. कायदा बदलायला संसदेत मोठी लढाई लागते. नियम त्या मानाने पटकन बदलता येतात.

१९६९ पासून कुटुंबीयांनाही निघण्याआधीच आपल्या देशातून प्रवेशपत्र घेणं सक्तीचं झालं. उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांसमोर रांगा लांबत गेल्या. नातं खरं आहे का, पैसे खरंच येतात का, याची चौकशी व्हायची.

‘पैसे येतात का’ हाच तेव्हाचा मुख्य प्रश्न होता. १९९४ च्या नियमावलीत ते स्पष्ट दिसतं. आई किंवा वडील ६५ च्या पुढचे असतील, मुख्यतः ब्रिटनमधल्या मुलांच्या पैशांवर जगत असतील आणि गावी सांभाळणारं जवळचं कुणी नसेल, तर परवानगी मिळू शकायची. अगदी अपवादात्मक, करुण परिस्थितीत एकट्या राहणाऱ्या काका, मामा, मावशी, आत्यांचाही विचार व्हायचा. म्हणजे ‘अवलंबून’ याचा अर्थ होता: मुलगा पैसे पाठवतो म्हणून घर चालतं.

आणि मग आली तारीख ९ जुलै २०१२.

गृहमंत्री होत्या थेरेसा मे. निव्वळ स्थलांतर वर्षाला लाखाच्या आत आणू, असं पंतप्रधान कॅमेरून यांच्या पक्षाने जाहीर केलेलं. सरकारचं म्हणणं होतं, वयस्कर माणसं आली की आरोग्यसेवेचा आणि देखभालीचा बोजा करदात्यांवर पडतो. हा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता, हेही सांगायला हवं. त्या दिवशी नवा नियम लागू झाला. काका, मामा, मावशी, आत्या यादीतून बाहेर. राहिले फक्त आईवडील, आजीआजोबा, सज्ञान मुलं आणि भावंडं. व्हिजिटर व्हिसावर येऊन तिथूनच अर्ज करायची वाटही बंद.

पण खरा बदल अर्थात होता. आता ‘अवलंबून’ म्हणजे वय, आजार किंवा अपंगत्वामुळे रोजची कामं, जसं की आंघोळ, कपडे घालणं, जेवण बनवणं, स्वतःला जमत नाहीत. एवढ्यावर भागत नाही. हवी ती देखभाल मायदेशात, मुलाने पैसे आणि मदत देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करायचं.

आता यातली मेख बघा. तुमची कमाई चांगली असेल, तर अधिकारी म्हणणार, पुण्यात बाई ठेवा, केअरटेकर ठेवा. कमाई कमी असेल, तर आईला सरकारी मदतीशिवाय सांभाळता येईल हे दाखवणार कसं? आधी ‘मी पैसे पाठवतो’ हा अर्जाचा आधार होता. आता तोच अर्ज फेटाळायचं कारण होऊ शकतो. मंजूर होणाऱ्या व्हिसांची संख्या झपाट्याने घसरली. फी मात्र तीन हजार पौंडांच्या वर गेली. आणि जो नुसत्या वर्क व्हिसावर आहे, त्याला या वाटेने अर्जच करता येत नाही. आधी तिथे कायमचं स्थायिक व्हावं लागतं.

ब्रिटसिट्स नावाचा गट कोर्टात गेला. २०१६ मध्ये हायकोर्टात हरला, २०१७ मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्येही हरला. नियम वैध ठरला. पण अपील कोर्टाने एक फट ठेवली: देखभाल म्हणजे फक्त अंग पुसणं नाही. वैद्यकीय पुरावा असेल, तर त्या माणसाच्या मानसिक आणि भावनिक गरजाही धराव्या लागतील. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला अनोळखी नर्स चालत नाही, मुलगीच लागते, असा युक्तिवाद निदान मांडता येतो. तो मान्य होईलच असं नाही.

सगळ्यात जास्त आवाज उठवला डॉक्टरांनी. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, दोघांनीही नियम बदला म्हणून मागणी लावून धरली. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची सेवा करायला डॉक्टर हवा, पण त्याची स्वतःची आई नको, हे त्यांना बोचत होतं.

आता आपल्याकडे या. २००७ मध्ये भारताने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा केला. मुलांनी सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण दरमहा रक्कम ठरवून देतं. कायदा गरजेचा आहे, त्याने अनेकांना आधार मिळाला. पण गंमत बघा: तिथला नियम म्हणतो, पैसे पाठव, देखभाल विकत घे. इथला कायदाही शेवटी महिन्याची रक्कम ठरवतो. दोन्हीकडे सांभाळाचा हिशेब होतो तो पैशातच. रात्री दोन वाजता आई घाबरून उठली की शेजारी कोण असणार, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

तुमच्यापैकी कुणी लंडन, लीड्सच्या ऑफर लेटरकडे बघत असाल, तर पगार आणि घरभाड्यासोबत हाही प्रश्न आताच घरी काढा. आईबाबा साठीचे असताना हे बोलणं जड जातं, पण ऐंशीला ते सुरू केलं तर फार उशीर झालेला असतो.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी हा प्रश्न कसा सोडवला, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!