ढोलाचा ठेका आणि संगणकाची टाळी

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नसते. पूर्णा नदीवरच्या गांधीग्रामहून भरलेल्या कावडी सुमारे १८ किलोमीटरची वाट पायी चालून येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक होतो. अशा मिरवणुकीचे चित्रण आता एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी करता येते. कोणी गच्चीवर असतो, कोणी चौकात, कोणी मंदिरापाशी. नंतर ही चित्रणे एकत्र जोडायला बसले, की पहिला प्रश्न पडतो : एका चित्रणातला हा क्षण दुसऱ्या चित्रणात नेमका कुठे आहे? संगणकाची आज्ञावली याचे उत्तर काही मिनिटांत देते. ते उत्तर ती कसे शोधते आणि कुठे चुकते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. कॅमेरा एक, आवाज नाही. तेव्हा जुळवण्यासारखे काही नव्हतेच. बोलपटांच्या काळात चित्र एका फितीवर आणि ध्वनी दुसऱ्या फितीवर नोंदवण्याची पद्धत रूढ झाली, आणि दोन्ही जुळवण्यासाठी लाकडी पाटीची टाळी आली. पाटी मिटलेली दिसते ती चौकट आणि ‘खट्’ आवाज येतो ती जागा एकमेकांसमोर ठेवली, की पुढचे सारे आपोआप जुळते. १९५१ साली अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी कार्ल फ्रॉइंड या छायाचित्रकाराने तीन फिल्म कॅमेरे एकदम चालवले. आता संकलकाला तीन चित्रफिती एकमेकींशी जुळवाव्या लागल्या.

दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत निराळा मार्ग होता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत सर्व कॅमेरे एकाच विद्युत्-स्पंदाच्या तालावर चालत आणि निर्माता त्याच क्षणी कोणते दृश्य घ्यायचे ते ठरवी. चित्रफितींसाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस कालसंकेत आला. प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि चौकट-क्रमांक मिळाला. भारतात सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एक चौकट ०.०४ सेकंदाची.

मोबाइलने चित्रण करणाऱ्यांमध्ये तार नसते, सामाईक घड्याळ नसते, टाळीही नसते. सामाईक असतो तो फक्त आवाज. त्यामुळे आज्ञावली आवाजच जुळवते.

ही युक्ती वर्गात करून पाहता येईल. एका कागदी पट्टीवर ०, ०, ७, १, ४, ० असे आकडे लिहा, दुसरीवर ७, १, ४, ०, ०, ०. दुसरी पट्टी पहिलीखाली सरकवत न्या. प्रत्येक जागी समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज काढा. दोन घरे सरकवल्यावर बेरीज ६६ येते. इतर कुठेही ती २८ पेक्षा जास्त नाही. जिथे बेरीज सर्वांत मोठी, तिथे जुळणी. या क्रियेला सहसंबंध काढणे म्हणतात.

तासाभराच्या ध्वनिमुद्रणात मात्र आकडे असतात सुमारे १७ कोटी २८ लाख (सेकंदाला ४८,०००). सरळ पद्धतीने गेलो तर गुणाकारांची संख्या तीनावर सोळा शून्ये इतकी होते. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ साली मांडलेल्या जलद फूरिये रूपांतरामुळे ती काही अब्जांवर येते. म्हणूनच हे काम घरच्या संगणकाला झेपते.

पण कावडीची मिरवणूक या युक्तीची कठीण परीक्षा घेते. पहिली अडचण ठेक्याची. वर्गातल्या पट्ट्यांवर ५, १, ५, १, ५, १ असे लांबपर्यंत लिहून पाहा. दर दोन घरांनी बेरीज जवळपास तितकीच येते. ढोलाचा एकसारखा ठेकाही असाच. आज्ञावली एक ठोका मागे किंवा पुढे जुळवून मोकळी होते.

दुसरी अडचण ध्वनीच्या वेगाची. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका चौकटीत १३.६ मीटर. ढोल एका कॅमेऱ्याजवळ असेल आणि दुसरा कॅमेरा १३६ मीटर लांब असेल, तर दुसरीकडे तो आवाज १० चौकटी उशिरा नोंदला जातो. आज्ञावली आवाज तंतोतंत जुळवते आणि चित्र १० चौकटींनी चुकते! मिरवणूक पुढे सरकून दुसऱ्या कॅमेऱ्यापाशी आली, की हीच चूक उलट दिशेने होते. प्रकाशाला मात्र एवढे अंतर तोडायला जवळपास वेळच लागत नाही. म्हणून ढोलावर पडणारी टिपरी दोन्ही चित्रणांत दिसते ती चौकट शोधावी आणि तिच्यावरून जुळणी तपासावी. ही तर जुनी लाकडी टाळीच झाली.

आज घेतलेली ही चित्रणे उद्या जुन्या शहराच्या इतिहासाची साधने ठरतील. कोणती कावड चौकात आधी पोचली, गर्दी कुठून कुठे हलली, हे त्यांवरून ठरवले जाईल. चुकीच्या ठोक्यावर जोडलेले चित्रण पाहणाऱ्याला खटकत नाही. ते खरेच वाटते. आज्ञावली फक्त सर्वांत मोठी बेरीज सांगते. ती बेरीज म्हणजे तोच क्षण आहे का, हे आपणच डोळ्यांनी पाहून ठरवायचे असते.