टेबलावरची लढाई, वहीतली फौज

महाभारतात ‘अक्षौहिणी’ हा शब्द येतो आणि आपण तो ‘अफाट सैन्य’ एवढ्या अर्थाने घेऊन पुढे जातो. खरे तर तो काटेकोर हिशेब आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ मिळून एक ‘पत्ती’. ही पत्ती सात वेळा तिप्पट आणि शेवटी दहापट केली, की २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ अशी अक्षौहिणी तयार होते. अशा अकरा कौरवांच्या आणि सात पांडवांच्या.

फौजेची यादी करण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणच्या झर्क्सीस बादशहाच्या सैन्यात कोणत्या मुलखाचे लोक कोणत्या पोशाखात होते, हे एकेक करून लिहून ठेवले. त्यात सुती कपडे घातलेले आणि बोरूची धनुष्ये घेतलेले हिंदी लोकही आहेत. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त महालवार घोडेस्वार आणि पायदळ यांचे आकडे आहेत. जमीनदारांची एकंदर फौज त्याने ४४ लाखांहून अधिक सांगितली आहे.

आता तुम्ही म्हणाल, या जुन्या याद्या वाचतो कोण? इतिहासाचे अभ्यासक वाचतात, हे उघड आहे. पण आणखी एक मंडळी त्या मन लावून वाचतात. ही मंडळी म्हणजे टेबलावर शिशाचे आणि प्लॅस्टिकचे छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे लोक.

हा खेळ पोरखेळ म्हणून सुरू झाला नाही. १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे राइसविट्झ नावाच्या एका सरदाराने युद्धाचा खेळ मांडला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशा, फासे आणि निवाडा करणारा पंच अशी त्याची मांडणी होती. प्रशियाचे सेनाधिकारी त्यावर लढाईचे शिक्षण घेऊ लागले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरातल्या जमिनीवर आणला. खऱ्या युद्धापेक्षा ही खेळातली लढाई किती बरी, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये या छंदाने मूळ धरले. रणगाडा दलात लढून आलेल्या डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक १९६२ साली आले. १९६५ मध्ये टोनी बाथ यांनी प्राचीन युद्धांच्या शौकिनांची संस्था काढली. तिच्या नियतकालिकाचे नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे गोफण. फिल बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६९ मध्ये प्राचीन लढायांचे नियम छापले.

नियम आले, तशी एक अडचणही आली. एकाने शंभर हत्ती मांडले आणि दुसऱ्याने भालेवाले, तर खेळ बरोबरीचा कसा होणार? म्हणून प्रत्येक सैनिकाला गुणांत किंमत ठरली आणि दोघांना सारखेच गुण मिळू लागले. पण कोणत्या फौजेत काय असावे? यातून ‘आर्मी लिस्ट’ जन्माला आली. अमुक काळातले अमुक सैन्य. त्यात धनुर्धर कमीत कमी इतके, हत्ती जास्तीत जास्त इतके. दोन ओळींच्या अशा नोंदीमागे कधी कधी वर्षभराचे वाचन असते.

हे वाचन एकट्याच्या आवाक्यातले नव्हे. एकाला लॅटिन येते, दुसऱ्याला फारसी. कोणी नाण्यांवरचे घोडे पाहतो, तर कोणी मंदिरांच्या भिंतींवरचे योद्धे. एकजण कच्ची यादी करतो, दुसरा शंका काढतो, तिसरा ती टेबलावर मांडून दहा वेळा खेळून पाहतो. यातले बहुतेक पोटासाठी दुसरेच काही काम करणारे लोक. पैसा मिळत नाही. मिळालेच तर आभाराच्या ओळीत नाव.

या मेहनतीची कसोटी २०१५ साली लागली. ‘वॉरहॅमर’ हा राक्षस, बुटके आणि जादूगार यांच्या कल्पित जगातला खेळ १९८३ पासून चालू होता. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने ते जुने जग गुंडाळले आणि त्याच्या जागी नवा खेळ आणला. ज्यांनी वर्षानुवर्षे रात्री जागून एकेक बाहुला रंगवला होता, त्यांच्या फौजा एका दिवसात बेवारस झाल्या. तेव्हा युरोपातल्या स्पर्धा खेळणाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि देशोदेशीच्या खेळाडूंनी मिळून आपले नियम व याद्या लिहायला घेतल्या. जुन्या खेळाची आठवी आवृत्ती शेवटची ठरली होती, म्हणून यांनी नाव ठेवले ‘द नाइन्थ एज’, नववे युग. कंपनीची नावे वापरता येत नव्हती, तेव्हा नवी नावे शोधली. सारे फुकट वाटले. कंपनीने २०२४ मध्ये ते जुने जग ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने पुन्हा बाजारात आणले; मधली वर्षे हौशी लोकांनी निभावून नेली होती.

या सामुदायिक कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येकाला आपली लाडकी फौज जबरदस्त व्हावी असे वाटते. आपले घोडेस्वार शूर, आपले भाले लांब आणि किंमत मात्र स्वस्त! म्हणून यादी तपासायची ती समोरच्या बाजूने खेळणाऱ्याने. तो सांगतो, ‘बाबा रे, तुझे हत्ती फार स्वस्त पडताहेत.’ त्याचे ऐकावे लागते, नाहीतर तुझ्याशी खेळायला कोणी बसणारच नाही.

इतिहास लिहिणाऱ्यांनी हा नियम पाळला तर किती बरे होईल! झर्क्सीसचे पायदळ हिरोडोटसने १७ लाख सांगितले. आजचे अभ्यासक एवढा आकडा मानत नाहीत. शत्रू जितका मोठा, तितका आपला पराक्रम मोठा, हे गणित सगळ्याच देशांत चालते.

आकड्यांइतकीच फसवी असतात शीर्षके. फिल बार्कर यांच्याच एका लोकप्रिय खेळात मध्ययुगीन भारतातल्या एका यादीचे नाव ‘हिंदू इंडियन’ असे आहे. खेळाच्या सोयीसाठी असे नाव द्यावे लागते, हे समजते. पण विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने पंधराव्या शतकात आपल्या सैन्यात मुसलमान तिरंदाज ठेवले होते. त्यांना त्या शीर्षकात कोठे बसवायचे?

आणि उद्या कोणी १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताची यादी करायला बसला, तर त्याला काय लिहावे लागेल? भाऊसाहेबांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी, त्याच्या तोफा आणि कवायती पलटणी. अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौला आणि त्याच्या चाकरीतला अनुपगिरी गोसावी. त्या लढाईची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत लिहून ठेवणारा काशीराज पंडितसुद्धा शुजाच्याच पदरी होता. यादी प्रामाणिकपणे करायची, तर माणसे जिथे उभी होती तिथेच लिहावी लागतात. आपल्याला ती जिथे हवी असतात तिथे नव्हे.

टेबलावरच्या लढाईत कोणी विधवा होत नाही. रात्री बाहुले पेटीत जातात आणि सकाळी पुन्हा उभे राहतात. खऱ्या लढाईतल्या माणसाला ती सवलत नव्हती. त्याच्यासाठी आपण आज एवढेच करू शकतो, की त्याचे नाव योग्य रकान्यात लिहावे आणि ती वही एकदा समोरच्याला वाचायला द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)