पांढऱ्या पुतळ्यांची गोष्ट

परवा नातीने संगणकावर एक फोटो दाखवला. ग्रीक पुतळा, पण अंगभर लाल, निळे, पिवळे रंग! मी म्हटले, "कुणी खराब केला गं?" ती म्हणाली, "आजोबा, मूळचे असेच रंगवलेले असायचे. ही तशी रंगवून केलेली प्रतिकृती आहे."

मला माझा वर्ग आठवला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्याला दाविद या चित्रकाराचा विषय निघाला, की मी 'ग्रीकांचे शुभ्र पुतळे' हे शब्द हटकून वापरायचो.

दाविद १७७५ ते १७८० रोममध्ये होता. तिथले पुतळे आणि उठावशिल्पे पाहून त्याने वह्याच्या वह्या भरल्या. चित्रकाराने दगडाकडून का शिकावे? कारण ग्रीकांच्या नामांकित चित्रकारांची चित्रे काळाने खाल्ली होती, उरली फक्त नावे. ग्रीकांचे अनुकरण करा, असे विंकेलमानने १७५५ मध्ये लिहिले, तेव्हा अनुकरणाला समोर होते ते मुख्यतः पुतळेच. आणि त्यांचे रंग बहुतेक उडून गेलेले!

दाविदचे 'होराती बंधूंची शपथ' (१७८४) पाहा. मागे तीन काळोख्या कमानी. पुढे हात उगारलेले तीन भाऊ, मधे तलवारी धरलेला बाप, उजवीकडे खचलेल्या बायका. सगळे एका ओळीत, कडा स्वच्छ, रंग आवरलेले. जणू शिळेवर कोरलेला प्रसंग.

चित्रे दगडासारखी झाली, पण दगडाला मात्र रंग चालेना. कानोव्हाने हीबी देवीच्या मूर्तीला किंचित लाली दिली, तर १८०८ च्या पॅरिस प्रदर्शनात टीकाकारांनी नाके मुरडली. ग्रीक शिल्पे रंगीत होती, हे कात्रमेर द कँसी याने १८१४-१५ च्या ग्रंथात सविस्तर मांडले. तरी पांढऱ्याचा मोह सुटला नाही. आपल्या जे. जे. स्कूलमध्येही मुलांचा हात बसला तो प्लास्टरच्या पांढऱ्या ग्रीक पुतळ्यांवर.

म्हणून दाविदचे चित्र कमी ठरते का? मुळीच नाही. गैरसमजातूनही मोठी कला जन्मते. पण गैरसमज तो गैरसमजच. काळाने जे पुसले, त्यालाच आम्ही 'शुद्ध' म्हणत आलो. इतिहासात आणखी कुठे कुठे असे झाले असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

माझे विद्यार्थी आता स्वतः आजी-आजोबा झालेत. त्यांतले कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, वहीतला 'शुभ्र' हा शब्द खोडा. चूक तुमच्या मास्तरांची होती.