तलाक दिला म्हणता, पण पुरावा कुठे?

ऐंशी-नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या कोर्टांत पोटगीच्या प्रकरणांत एक उत्तर नेहमी ऐकू येई. नवऱ्याने टाकलेली बाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली अर्ज करायची. समन्स मिळाले की नवरा लेखी जबाब द्यायचा, "हिला मी मागेच तलाक दिला आहे, ती आता माझी बायको नाही." कधी दिला, कुणासमोर दिला, कशासाठी दिला, हे सांगण्याची गरज त्याला वाटत नसे. आपला तलाक झाल्याचे बाईला कोर्टातच कळायचे.

या एका वाक्याला एवढी किंमत का होती? १९७३ च्या संहितेने 'पत्नी' या शब्दात तलाकशुदा स्त्रीलाही घेतले होते. १९७८ मध्ये मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, मेहरची तुटपुंजी रक्कम दिल्याने पोटगीची जबाबदारी संपत नाही. २३ एप्रिल १९८५ रोजी शाहबानो निकाल आला, मोठे वादळ उठले आणि १९८६ चा कायदा झाला. त्याने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ मधून बाहेर काढून वेगळ्या वाटेला लावले. म्हणजे बायको असेल तर दरमहा पोटगी, तलाकशुदा असेल तर या अर्जावर काही नाही. म्हणून तलाकचा दावा ही नवऱ्याची ढाल झाली.

ही ढाल त्याला शरियतने दिली असे आपण समजतो. इतिहास वेगळे सांगतो.

१९०६ च्या अहवालात छापलेल्या साराबाई विरुद्ध राबियाबाई या खटल्यात मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बॅचलर यांनी एका दमातला तलाक वैध मानला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो वाईट आहे, पण कायद्याने चालतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९३२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून या खटल्यात तीच वाट धरली. त्या जोडप्याने तलाकनंतरही पंधरा वर्षे एकत्र संसार केला होता, त्यांना पाच मुले झाली होती. तरी तलाक कायम धरला गेला आणि मुले अनौरस ठरली. १९३७ च्या शरियत कायद्याने मुस्लिमांना शरियत लागू होईल असे म्हटले, पण शरियत म्हणजे नेमके काय हे त्यात लिहिले नाही. ते ठरवणे न्यायाधीशांच्याच हाती राहिले. मग चांदबी विरुद्ध बंदेशा (ए.आय.आर. १९६१, मुंबई) या निकालात हायकोर्टाने म्हटले की, लेखी जबाबात तलाकचा उल्लेख केला तर निदान त्या तारखेपासून तलाक झाला असे धरावे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा आपले हायकोर्ट हैदराबादला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबई हायकोर्टाचा शब्द इथे चालू लागला. पण त्या हायकोर्टापर्यंत पोहोचायचे कसे? परभणीहून मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठायची, तिथे राहायचे, वकील करायचा. टाकलेल्या बाईला हे जमणारे नव्हते. १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले. त्या स्थापनेलाही आव्हान दिले गेले, पण सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी ते योग्य ठरवले. हायकोर्ट जवळ आले.

याच औरंगाबादला २ मे २००२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात निकाल दिला. पूर्णपीठ म्हणाले की, मागे कधीतरी तलाक दिला असे नुसते लिहून किंवा साक्षीत सांगून भागणार नाही. तलाक ही घटना आहे, ती नवऱ्याने पुराव्याने शाबीत करावी. तलाकला सबळ कारण हवे. ते बायकोला कळवलेले हवे. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमलेला हवा, त्यांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा आणि तो फसलेला हवा. हा आधार कुठला? कुरआनातल्या सूरह निसाची ३५ वी आयत हेच सांगते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानेही शमीम आरा निकालात याच अंगाने निर्णय दिला.

आपल्याकडे आक्षेप घेतला जातो की, कुरआनाचा अर्थ सांगणारे हे न्यायाधीश कोण? प्रश्न रास्त आहे. पण मग तो १९०६ सालालाही विचारला पाहिजे. बॅचलरसाहेब आलिम नव्हते. प्रिव्ही कौन्सिलचे लॉर्डही नव्हते. त्यांनी लिहिलेले आपण शरियत म्हणून जपायचे आणि आयतीकडे परत नेणाऱ्या निकालाला ढवळाढवळ म्हणायचे, हा न्याय कुठला? शिवाय वाट दाखवणाऱ्यांत गुवाहाटी हायकोर्टाचे न्यायमूर्ती बहारुल इस्लाम होते. त्यांनी जियाउद्दीन अहमद विरुद्ध अन्वरा बेगम या खटल्यात कारण आणि समेट या अटी आधीच मांडल्या होत्या.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द झाला. बहुमतातले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी, जे धर्मशास्त्रात वाईट ते कायद्यातही वाईटच, असे म्हणून बॅचलर यांचे सूत्र उलटे केले. त्याला शंभराहून जास्त वर्षे लागली. २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, तो संसदेचा निर्णय. औरंगाबादच्या पूर्णपीठाने तुरुंग मागितला नव्हता, पुरावा मागितला होता. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते असे स्पष्ट केले. आता त्या ढालीचा उपयोग उरलेला नाही.

हा बदल मोर्चांइतकाच साध्या पोटगीच्या अर्जांनी घडवला. रहिमबीने क्रांतीची भाषा केली नव्हती, पोटगी मागितली होती.

मात्र निकालातले एक काम कोर्ट करू शकत नाही. दोन्ही घरांचे मध्यस्थ नेमून प्रामाणिकपणे बसायचे, बाईचे म्हणणे तिच्या तोंडून ऐकायचे आणि झाले ते तारखेसह कागदावर लिहायचे. परभणीत असो की जिंतूर, पाथरी, गंगाखेडात, हे जमातीचे काम आहे. ते आपण नीट केले असते, तर त्या बायांना आपला तलाक झाल्याचे कोर्टात कळले नसते.