ध्वनी-परिवर्तकाची निवड : घरगुती डिजिटल ध्वनियंत्रनिर्मितीचा एक ऐतिहासिक मागोवा

घरी डिजिटल ध्वनियंत्र जुळवणाऱ्या हौशी तंत्रज्ञापुढे पहिला प्रश्न असतो तो परिवर्तकाचा, म्हणजे साठविलेल्या अंकांचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणाऱ्या मंडलाचा. जितके बिट अधिक तितका परिवर्तक चांगला, हा समज या क्षेत्रात जुना आहे. इतिहास मात्र त्याला फारसा दुजोरा देत नाही.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली, तेव्हा १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने हे प्रमाण ठरलेले होते. सोनीच्या सीडीपी-१०१ यंत्रात १६ बिटांचा परिवर्तक होता. फिलिप्सने मात्र टीडीए १५४० हा १४ बिटांचाच परिवर्तक वापरला. उणीव भरून काढण्यासाठी तेथील अभियंत्यांनी नमुन्यांचा दर चौपट, म्हणजे १,७६,४०० केला आणि अंक तोडताना उद्भवणारी त्रुटी श्रवणकक्षेपलीकडील वारंवारतांकडे ढकलली. परिणामी कामगिरी १६ बिटांच्या जवळ पोहोचली. शिवाय २० ते २२.०५ किलोहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात संकेत एकदम तोडणाऱ्या ॲनालॉग फिल्टरची गरज उरली नाही. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली.

हौशी मंडळींनी मात्र उलट दिशा धरली. १९९६ मध्ये रयोहेई कुसुनोकी यांनी एका जपानी मासिकात डिजिटल फिल्टर पूर्णपणे वगळण्याचा पुरस्कार केला. टीडीए १५४३ हा मुळात काटकसरीच्या यंत्रांसाठीचा परिवर्तक त्यानंतर घरोघरच्या प्रयोगांत दिसू लागला. या रचनेत २० किलोहर्ट्झला ध्वनी सुमारे ३ डेसिबल घटतो आणि २२.०५ किलोहर्ट्झच्या वरील प्रतिमा-वारंवारता तशाच उरतात. तिच्या 'नैसर्गिक' ध्वनीचे गोडवे गाताना ही बाब सहसा सांगितली जात नाही. तिचे खरे बळ सोपेपणात आहे : मोजके भाग, आणि चूक सापडण्याची शक्यता अधिक.

सुट्या रोधकांची शिडी हा आणखी एक मार्ग. परंतु १६ बिटांची एक पायरी म्हणजे पूर्ण संकेताचा ६५,५३६ वा भाग. सर्वांत मोठ्या बिटाच्या रोधकात ०.१ टक्क्याचा फरक राहिला, तरी त्रुटी अशा कित्येक पायऱ्यांइतकी भरते. कागदावरील १६ बिट येथे निरर्थक ठरतात.

२० ऑक्टोबर २०२० रोजी जपानमधील नोबेओका येथे असाही कासेई समूहाच्या अर्धवाहक कारखान्याला आग लागली आणि तेथील परिवर्तकांचा जगभर तुटवडा पडला. कंपन्यांनी अन्य उत्पादकांचे परिवर्तक घेऊन मंडले नव्याने आखली. एकाच परिवर्तकाच्या जोडणीनुसार पट्टी कोरून बसलेल्या हौशी तंत्रज्ञाला ती सोय नव्हती.