जुन्या कथेंतील पोपट

मुळशी तालुक्यांतील नांदे येथें राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एक तरुण बाई सांप्रत एक अद्भुत कादंबरी योजीत आहेत. विषय जुनाच: राक्षसाचा जीव पोपटांत आणि पोपट दूर अरण्यांत पिंजऱ्यामध्यें. योजनेची वही त्यांनीं आमच्याकडे धाडली, आणि सोबतच्या पत्रांत विचारलें कीं, जी गोष्ट प्रत्येक आजीस ठाऊक, ती पुनः सांगण्यांत ग्रंथकाराचें स्वतःचें असें काय राहिलें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्हांस ‘कादंबरी’ ह्या शब्दाकडेच वळावें लागलें.

हें बाणभट्टाच्या नायिकेचें नांव, हें सर्वश्रुत आहे. परंतु ७ व्या शतकांत हर्षाच्या पदरीं असलेल्या ह्या कवीची ती कथा मुळांत त्याची नव्हे, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. तिचा उगम गुणाढ्याच्या पैशाची बृहत्कथेंत आहे. आणि परंपरा गुणाढ्यास प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारीं नेऊन बसविते. राजानें ग्रंथ अव्हेरला, तेव्हां तो अरण्यांत एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी व अग्नींत टाकी. सात लक्ष श्लोकांपैकीं एक लक्ष तेवढे वांचले, अशी आख्यायिका आहे. आज तेही नाहींत. मात्र ११ व्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें त्याच परंपरेवरून कथासरित्सागर रचला, आणि बाणाच्या कथेचा जुना सांगाडा त्यांत पाहावयास मिळतो.

तेथें सुमनस् राजाच्या सभेंत एक निषादकन्या पोपट घेऊन येते. बाणानें सुमनसाचा शूद्रक केला, निषादकन्येची चांडालकन्या केली, मकरंदिकेची कादंबरी केली. नांवें पालटणें कोणासही साधेल. खरी योजना निराळ्या ठिकाणीं आहे. जुन्या कथेंत हा पोपट म्हणजे मकरंदिकेचा पिता. तो कथा सांगतो, पण तिच्यांत त्याचें स्थान कडेलाच. बाणाच्या रचनेंत तोच पोपट पुंडरीक ठरतो: महाश्वेतेच्या ध्यासानें मेलेला, पुनर्जन्मींही तिच्याकडेच ओढला गेलेला, आणि तिनेंच न ओळखतां शाप देऊन पक्षी केलेला! बाणाच्या मृत्यूमुळें ग्रंथ अपुरा राहिला, आणि हा उलगडा त्याच्या पुत्रानें लिहिलेल्या उत्तरभागांत येतो, हें खरें. परंतु इमारतीचा पाया पित्याचाच. एका पात्राची जागा बदलली आणि चमत्काराचें दुःख झालें.

आमच्या प्रारंभींच्या कादंबरीकारांनीं अद्भुताकडे वेगळ्याच दृष्टीनें पाहिलें. १८६८ सालच्या ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेंत नारो सदाशिव रिसबूड ह्यांनीं आपली अडचण मोकळेपणें मांडली आहे: आपल्या लोकांचा नित्यक्रम इतका नीरस कीं त्यावर मनोरंजक पुस्तक होणें कठीण, म्हणून अद्भुताचा आश्रय. ह्या कबुलीबद्दल आम्हांस त्यांच्याविषयीं आदरच वाटतो. पण निदान चुकलें असें आमचें मत आहे. अद्भुत हें नीरस जीवनावरील औषध मानलें, कीं त्यांत जीवनाचें कांहीं उरत नाहीं.

योगायोग असा कीं त्याच १८६८ सालीं लंडनमध्यें मेरी फ्रियर ह्यांचें ‘ओल्ड डेक्कन डेज’ प्रसिद्ध झालें. ह्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्या. दक्षिणेच्या दौऱ्यावर असतांना ॲना लिबेराटा डिसूझा ह्या दाईनें, स्वतःच्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांस सांगितल्या. त्यांतील पंचकिन मांत्रिकाचा जीव सहा घागरींच्या उतरंडीखालील पिंजऱ्यांतल्या हिरव्या राघूंत असतो. मुलगा राघूचा पंख उपटतो, तों मांत्रिकाचा हात गळतो, पाय उपटतो, तों पाय गळतो, शेवटीं मान. ऐकणारे आनंदानें टाळ्या पिटतात. राघूनें काय केलें होतें, हें कोणी विचारीत नाहीं.

नांद्याच्या बाईंच्या वहींत राक्षसाची राजधानी, राजकन्येचें वय, वाटेंतील नद्या, नायकाच्या घोड्याचा रंग, सारें कांहीं टिपलेलें आहे. पोपटाविषयीं मात्र एकच ओळ आहे. आम्हीं त्या ओळीखालीं तांबड्या शाईची रेघ ओढली, पुढचीं दोन पानें कोरीं ठेवावीं असें समासांत लिहिलें, आणि वही टपालानें परत केली.