सुगंध आणि स्वातंत्र्य

अत्तर लावणें ही मनुष्याची अगदीं खाजगी हौस समजली जाते. वस्त्र कोणतें नेसावें, केस कसे विंचरावे, त्याप्रमाणेंच अंगास कोणता सुगंध असावा हेंही ज्याचें त्यानें ठरवावें, असें सामान्यतः मानलें जातें. परंतु वस्त्र नेसणाराच्या अंगावर राहतें. सुगंध तेथें राहत नाहीं, तो शेजाऱ्याच्या श्वासांत शिरतो. म्हणूनच दहाजणांच्या जागेंत सुगंधावर बंधन घातलें, तर व्यक्तिस्वातंत्र्यास बाध येतो काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

सुगंधावरील बंधनें आजचीं नव्हत. स्पार्टानें सुगंधी तेलें करणारांस हद्दपार केलें आणि अथेन्समध्यें सोलोननें पुरुषांस तीं विकण्याची मनाई केली, असें ग्रीक ग्रंथकार अथेनियस लिहितो. रोममध्यें क्रॅसस व सीझर या नांवांचे दोन अधिकारी इ. स. पूर्वीं ८९ मध्यें सेन्सॉर होते. लोकांच्या आचारावर देखरेख ठेवणें हें सेन्सॉरचें एक काम असे. (पुढें जगप्रसिद्ध झालेला सीझर तो हा नव्हे.) या दोघांनीं परदेशी सुगंधी द्रव्यें विकूं नयेत असा हुकूम काढला, अशी प्लिनीची नोंद आहे. आपल्याकडे मनुस्मृतीनें ब्रह्मचाऱ्यास गंध आणि माला वर्ज्य सांगितल्या, तर बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशीं सुगंधापासून दूर राहण्याचें व्रत पाळतात.

या सर्व नियमांचा रोख सुगंध लावणाराकडे आहे. चैनीनें नागरिक दुबळा होईल, व्रतस्थाचें मन विचलित होईल, ही त्यांमागील चिंता. शेजारीं बसलेल्याच्या प्रकृतीचा विचार त्यांत दिसत नाहीं. व्रत स्वेच्छेनें घेतलें तर गोष्ट निराळी; राज्याचा हुकूम मात्र माणसाच्या खाजगी आवडीनिवडींतच हात घालणारा होता. तरी प्लिनीनें एक मार्मिक गोष्ट टिपून ठेविली आहे. सुगंधाचें सुख दुसऱ्यास मिळतें, ज्यानें तो लावला त्यास तो जाणवत नाहीं, असें तो म्हणतो. आधुनिक वादाचें बीज या निरीक्षणांत आहे. कारण सुखाप्रमाणें पीडाही दुसऱ्याच्याच वांट्यास येते.

एकोणिसाव्या शतकांत रसायनशास्त्रानें परिस्थिति पालटली. विल्यम पर्किननें १८६८ मध्यें कूमरिन हें सुवासिक द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. १८७४ मध्यें व्हॅनिलिनही कृत्रिम रीतीनें करतां येऊं लागलें. फुलांच्या राशींतून थेंब थेंब मिळणारी वस्तु स्वस्त झाली आणि पुढें साबण, केसांचीं तेलें, कपडे धुण्याची पूड, या सर्वांत शिरली. इकडे इमारतींचीही तऱ्हा बदलली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर उत्तर अमेरिकेंत इंधन वांचविण्यासाठीं घट्ट बंद इमारती बांधण्याची आणि बाहेरची हवा आंत कमी घेण्याची पद्धत पडली. सुगंध वाढले आणि हवा कोंडली.

कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं या कोंडीचा परिणाम दिसला. तेथील कॅम्प हिल रुग्णालयांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेकडों कर्मचारी आजारी पडले. संशय मुख्यतः सदोष वायुवीजन आणि इमारतींतील रसायनें यांवर होता, अत्तरावर नव्हे. परंतु आजारी पडलेल्यांपैकीं अनेकांस पुढें साधा सुवासही सोसवेना. नव्वदच्या दशकांत त्या शहरांतील रुग्णालयें, शाळा आणि कचेऱ्या यांनीं सुगंध न लावण्याची विनंति करणाऱ्या पाट्या लावल्या. हा सरकारी कायदा नव्हता. संस्थांचे नियम होते. तरीही २००० सालीं त्या भागांतील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास केसांना सुवासिक लेप लावल्याबद्दल शाळेंत येण्यास कांहीं काळ बंदी झाली आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. शेजाऱ्याच्या श्वासासाठीं निघालेली विनंति येथें मुलाच्या पाठीवरची छडी झाली.

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत या प्रश्नाची दुसरी बाजू उघड झाली. सहकारी स्त्रीच्या सुगंधामुळें आपणांस श्वास घेणें कठीण होतें, अशी तेथील एका नगर-कर्मचारी स्त्रीची तक्रार होती. अपंगांच्या हक्कांसंबंधीं १९९० मध्यें झालेल्या कायद्याचा आधार घेऊन तिनें शहरावर दावा लावला. २०१० मध्यें तडजोड झाली. तिला १ लक्ष डॉलर मिळाले आणि कर्मचाऱ्यांनीं सुगंधी द्रव्यें टाळावीं अशा सूचना लावण्याचें शहरानें कबूल केलें. तिनें नोकरी सोडावी, असें म्हणणें सोपें होतें. पण पोटासाठीं जेथें बसावें लागतें, तेथून उठून जाण्याचें स्वातंत्र्य नांवापुरतेंच असतें.

जॉन स्टुअर्ट मिलनें १८५९ मध्यें मांडलेलें तत्त्व असें कीं, दुसऱ्यास इजा होत असेल तेथेंच समाजानें व्यक्तीस आवर घालावा. ही कसोटी लावतांना नावड आणि इजा यांत भेद केलाच पाहिजे. एखादा वास आवडत नाहीं एवढ्यानें बंदीचा हक्क उत्पन्न होत नाहीं. पण सुगंधानें होणारी इजा हा नुसता भ्रमही नव्हे. युरोपीय संघानें २००३ मध्यें २६ सुगंधी द्रव्यांचीं नांवें, ठराविक प्रमाणाहून तीं अधिक असल्यास, वेष्टनावर छापण्याचा नियम केला, तो त्यांपासून त्वचेस होणाऱ्या विकारांमुळेंच.

महाराष्ट्रांत समारंभाच्या अखेरीस अत्तरगुलाब होतो. अत्तरदाणी पुढें येते आणि पाहुणा आपण होऊन हात पुढें करतो. ज्यास अत्तर नको तो हात जोडून नकार देतो. रुग्णालयाच्या खाटेवर, वर्गांत किंवा कचेरींत अशी विचारपूस होत नाहीं आणि तेथून निघूनही जातां येत नाहीं. अशा जागीं सुगंध आवरण्यास सांगणें म्हणजे स्वातंत्र्य हिरावणें नव्हे. एकाच्या हौसेहून दुसऱ्याचा श्वास वडील आहे, एवढेंच त्यांत मान्य केलें जातें. मात्र क्रम सोडूं नये. आधीं खिडकी उघडावी, मग विनंति करावी, आणि इजा स्पष्ट असूनही कोणी ऐकत नसेल, तरच नियमाचा हात उगारावा. हा क्रम उलटला, कीं हवेची राखण करणारा नियमही रोमच्या त्या हुकुमासारखा माणसाची राखण करूं लागतो.